कुरणाची गॅरंटी

आर्वीच्या बाजारात मोतीलालजींना बसलेलं पाहिलं असं कुणी सांगितलं, तर त्यानं दुसऱ्याच कुणाला तरी पाहिलेलं असतं. त्यांच्या कापडाच्या दुकानात पांढरी गादी आहे, लोड आहेत, डोक्यावर पंखा आहे. पण ते सगळं गिऱ्हाइकासाठी. स्वतः मोतीलालजी उभे. गिऱ्हाईक नसलं की घडी घातलेला तागा उलगडतील, पुन्हा घडी घालतील, पायरीवर येऊन रस्ता पाहतील आणि परत आत जातील. सत्तरीला टेकलेला माणूस, पण पायाला भिंगरी. त्यांची बायको मीराबाई म्हणते, "हे तिरडीवरून बी उठतीन अन् वरच्या कपड्याचा पन्हा मोजतीन."

दुकानात दोन गोष्टी मोतीलालजींच्या वडिलांच्या वेळेपासून तशाच आहेत. एक पाटी: 'फॅशनच्या जमान्यात गॅरंटी मागू नये'. दुसरी शिकवण: आपल्या मालाला आपण नाव ठेवू नये. तागा उलगडताना मोतीलालजी जे बोलतात ते ऐकायला लोक पार रोहणा गावाहून येतात, असं म्हटलं तर थोडं जास्त होईल, पण थोडंच. "घेऊ नका, पन हात तं लावून पाहा," इथून सुरुवात होते. मग कापडाच्या सुतापासून विणकराच्या खानदानापर्यंत सगळ्यांची तारीफ. खोटं नाही बोलत. जे चांगलं आहे ते इतकं बोलतात की वाईट बोलायला वेळच उरत नाही. घरात मारवाडी, दुकानात वऱ्हाडी, भाव करताना हिंदी. लेक चारुता मराठी शाळेत शिकली म्हणून तिच्याशीही वऱ्हाडीच.

या माणसाचा खरा जीव मात्र कापडात नव्हता. तो होता रोहण्याच्या वाटेवरच्या पन्नासेक एकर गवतात.

आजोबांच्या वेळी कापसाच्या गाड्या होत्या, गाड्यांना बैल होते, बैलांना चारा लागायचा, म्हणून हे कुरण घेतलं. गाड्या गेल्या, बैल गेले, कुरण राहिलं. नांगर त्याला कधी लागला नाही. पावसाळाभर ते बंद असायचं. तोंडाशी बाभळीची मोठी काटी आडवी टाकलेली, बस्स, तेवढंच कुलूप. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन झालं, गावातल्या गाई शेणाच्या गोवर्धनावरून गेल्या, की नत्थूजी गवळी आपल्या पांढऱ्या गवळाऊ जातीच्या गाई घेऊन कुरणाच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. मग मालकानं स्वतःच्या हातानं काटी ओढायची. नोकरानं नाही, गवळ्यानं नाही, मालकाच्या घरच्या माणसानंच. ती ओढल्याशिवाय गाय आत पाऊल टाकणार नाही. आजोबांनी ओढली, वडिलांनी ओढली, आणि गेली कित्येक वर्षं मोतीलालजी ओढत आले. त्या बदल्यात घरी दूध येई, सणाला तूप येई, आणि गाईंचं शेण गवताला मिळे. हिशेब असा कुणी केलाच नव्हता.

आता हिशेब सुरू झाला होता, आणि तो मोतीलालजींच्या डोक्यात. कुरणासमोर रस्त्यापलीकडे असाच एक माळ होता. त्याचा मालक वारला, पोरांनी दिवस घातले आणि महिनाभरात माळ विकला. आज तिथे सिमेंटचे खांब आहेत, 'प्लॉट उपलब्ध'ची पाटी आहे, घर एकही नाही आणि गवतही नाही. मोतीलालजी कुरणावर गेले की पहिली नजर त्या खांबांवर जायची. आपल्यामागं काय? एकच लेक, ती लग्न होऊन नागपूरला, बँकेत, कर्जाची कागदपत्रं तपासण्याच्या कामावर. तिला गवताचं काय पडलंय? हा विचार आला की ते उठत. उठलेलेच असत, म्हणून चालू लागत.

अशात होळीनंतर पुण्याच्या एका कंपनीचा प्रफुल्ल नावाचा मुलगा दुकानात आला. गोड बोलणारा, पायातले बूट पायरीखाली काढून ठेवणारा. त्यानं समजावलं ते असं: गवत हवेतला कार्बन ओढतं आणि मुळांवाटे मातीत पुरतं. कारखानेवाले धूर सोडतात. त्यांना आपल्या नावावर असा पुरलेला कार्बन दाखवायचा असतो, म्हणून ते तो विकत घेतात. त्यालाच कार्बन क्रेडिट म्हणायचं. जमीन तुमचीच राहील, फक्त करार तीस वर्षांचा. तीस वर्षं तिथे नांगर नाही, इमारत नाही, प्लॉट नाही. जमीन विकली तरी करार जमिनीसोबत जाईल, वारसांनाही तो बांधील.

पैशाचं पुढचं बोलणं मोतीलालजींनी नीट ऐकलंच नाही. तीस वर्षं! प्लॉट नाही! हा मुलगा देवानंच धाडला, असं त्यांना वाटलं. आणि मग त्यांनी ती चूक केली, जी आर्वीच्या बाजारात फक्त तेच करू शकले असते.

ते प्रफुल्लला कुरणावर घेऊन गेले आणि त्यांनी माल दाखवायला सुरुवात केली.

"घेऊ नका, पन हात तं लावून पाहा," ते वाळलेल्या गवताची मूठ धरून म्हणाले. "हा पवन्या. हे मारवेल. असं गवत जिल्ह्यात दुसरीकडं दाखवा, मी दुकान बंद करतो. तीन पिढ्यांत इथं नांगर नाई, आगकाडी नाई. नत्थूजीच्या गाई येतात, शेन टाकतात, माती अशी काळीभोर की हातात घेतली तं सोडू नाई वाटत. सब से बढिया माल हाय, साहेब!"

प्रफुल्ल मान डोलवत होता, लिहीत होता. मोतीलालजींना वाटलं, सौदा जमला. कंपनीच्या माणसांनी जागोजागी माती काढली, पिशव्या भरल्या, गेले.

पाऊस सरता सरता प्रफुल्ल परत आला. यावेळी बूट काढायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला.

"काकाजी, माती फार चांगली निघाली," तो म्हणाला.

"मी म्हनलंच होतं!"

"तोच घोटाळा झाला. कंपनी मातीत जे वाढेल त्याचे पैसे देते. जे आधीच आहे त्याचे नाही. तुमच्या मातीत आधीच भरपूर आहे. भरलेल्या हंड्यात अजून किती पाणी ओतणार? वाढ इतकी थोडी दिसते की मोजण्याचा खर्चही निघणार नाही. वरच्या लोकांनी नाही म्हटलंय."

मोतीलालजींच्या हातातला तागा उलगडत गादीवरून खाली गेला. जन्मभर माल चांगला म्हणून विकला, आणि आता माल चांगला निघाला म्हणून गिऱ्हाईक परत चाललं होतं. असा बाजार त्यांनी पाहिला नव्हता.

"मग?"

"एक रस्ता आहे," प्रफुल्लनं आवाज खाली आणला. वाईट पोरगा नव्हता तो. त्यालाही वर्षाचं काम पुरं करून दाखवायचं होतं. "वरच्या अंगाला बरड आहे ना, मुरूम उघडा पडलेला? नमुने पुन्हा घेऊ, तिथलेच. आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र. की अतिचराईमुळे कुरण निकृष्ट झालंय. तुमची सही आणि जो चारतो त्याची सही. चराई यंदापासून बंद. म्हणजे उद्या गवत सुधारलं तर ते करारामुळे सुधारलं असं दाखवता येतं. फक्त पाडव्याला ते कुरण उघडू नका, म्हणजे झालं."

करार गादीवर ठेवून तो गेला. पाडवा तोंडावर आला होता.

त्या दिवसापासून मोतीलालजींची जी उलघाल सुरू झाली ती मीराबाईला पाहवेना. जेवताना दोनदा उठायचे. पूजेला बसले तर आरती अर्धी सोडून अंगणात. गिऱ्हाइकानं साडी मागितली तर धोतर काढून दाखवायचे. सही केली तर कुरण तीस वर्षं वाचत होतं, पण खोटं बोलून आणि नत्थूजीच्या गाई बाहेर ठेवून. नाही केली तर आपल्या डोळ्यांमागं ते खांब रस्ता ओलांडून इकडे येणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी बाजारात वकिलाला विचारलं, बियाणंवाल्याला विचारलं, एका निवृत्त मास्तरांना विचारलं. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही त्यांना पटल्या, म्हणून आणखी अस्वस्थ झाले.

शेवटी मीराबाईनंच लेकीला फोन करून प्रफुल्लचं सगळं बोलणं सांगितलं. रविवारी चारुता आली, चष्मा लावून ओसरीवर बसली आणि करार पहिल्या पानापासून वाचू लागली. मोतीलालजी तिच्याभोवती फिरत होते.

"बाबूजी, बसा ना."

"बसलोच हाय," ते चालता चालता म्हणाले.

चारुता बँकेतल्यासारखंच बोलली. "हे बघा. तुमचा वाटा मोठा दिसतो, पण आधी मोजणीचा, तपासणीचा, विक्रीचा सगळा खर्च वजा होणार, आणि तो खर्च किती ते कंपनी ठरवणार. त्यातून काही भाग आगीबिगीसाठी बाजूला ठेवणार, तो परत कधी मिळेल ते लिहिलेलं नाही. कंपनीला हा करार दुसऱ्या कुणालाही विकता येतो, तुम्हाला मोडता येत नाही. भांडण झालं तर मुंबईला जायचं. हे सगळं एकवेळ भांडून बदलून घेता येईल. असे करार सगळेच खोटे नसतात. पण हे प्रतिज्ञापत्र नाही बदलता येणार."

"काऊन?"

"कारण सगळा करार त्याच्यावर उभा आहे, आणि ते खोटं आहे. खाली लिहिलंय, दिलेली माहिती चुकीची निघाली तर जबाबदारी जमीनमालकाची. म्हणजे प्रफुल्ल सांगतोय तसं लिहायचं तुम्ही, आणि उद्या कुणी खालच्या अंगाची माती तपासली तर पकडले जाणारही तुम्हीच. तुमच्यानंतर मी." तिनं चष्मा काढला. "तुम्हाला हे कशासाठी हवंय? पैशासाठी तर नाही दिसत."

मोतीलालजींनी तोंड उघडलं. 'माझ्यामागं कुरण राहावं म्हणून' एवढंच म्हणायचं होतं. पण लेकीपुढं ते म्हणजे तिच्यावर भरवसा नाही असं सांगण्यासारखंच झालं असतं. ते म्हणाले, "असंच."

"असंच?" चारुतानं पानं नीट लावली. "ठीक आहे. तुमची जमीन आहे. तुम्ही ठरवा."

तुमची जमीन. हा शब्द मोतीलालजींना कुसळासारखा रुतला. आपली म्हणाली नाही पोरगी. पाहा, ओळखून होतो मी! संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून आले आणि त्यांनी मनाशी पक्कं केलं की नत्थूजीची सही घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नत्थूजीच्या अंगणात गेले. नत्थूजी दावी वळत बसला होता. त्याची बायको पंचफुला हिनं न विचारता दूध तापवून पितळेच्या पेल्यात आणून दिलं. मोतीलालजींनी दूध उभ्यानंच प्यायलं आणि कागद काढला.

"एक सही पाह्यजे होती, नत्थूजी."

"वाचून दाखवा जी," नत्थूजी म्हणाला. "चष्मा फुटला माह्या."

मोतीलालजी वाचू लागले. त्यांनी हा कागद मनात कितीदा वाचला होता, पण मोठ्यानं आज पहिल्यांदाच. "सदर कुरणातील गवत अत्यंत निकृष्ट दर्जाचे असून, गुरांच्या अतिचराईमुळे जमीन उजाड झाली आहे..."

"हे कोनाचं कुरन होय जी?" पंचफुलानं मधेच विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

मोतीलालजी कागदाकडे पाहतच म्हणाले, "माह्यं."

नत्थूजीनं दावं खाली ठेवलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. "सेठजी, मले सही येते. पन माह्या गाईनं कुरन उजाड केलं, हे मी नाई लिहून देत. तुमाले बंद करायचं तं तोंडानं सांगा, बंद. मालक तं तुमीच. मी दुसरीकडं चारा पाह्यतो. पन गाईचं नाव काऊन खराब करता?"

"अन् गवत निकृष्ट असन," पंचफुला पेला उचलत म्हणाली, "तं त्याच गवताचं दूध काऊन पेले तुमी आत्ता?"

झालं! एवढ्यानं मोतीलालजींच्यातला दुकानदार उसळून उठला. "कोन म्हनते निकृष्ट?" ते तिच्यावरच ओरडले. "खालच्या अंगाचा पवन्या पाह्यला का या वर्षी? कमरेइतका हाय! असं गवत जिल्ह्यात दुसरीकडं दाखवा, मी दुकान..."

पुढचं वाक्य जिभेवरच राहिलं. हातात कागद तसाच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना लाज वाटली. अशी की खाली बसावंसं वाटलं, आणि ते खरोखरच नत्थूजीच्या अंगणात मातीवर टेकले. नत्थूजी घाबरला. मोतीलालजी बसलेले त्यानं कधी पाहिले नव्हते.

"बरं नाई का वाटत?"

"माह्या मागं कोन हाय, नत्थूजी?" मोतीलालजी म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "मी गेलो का तिथं बी खांब गाडतीन. कागदावर तीस वर्षं लिहिलं होतं. म्हनून मन झालं."

नत्थूजी सरकून त्यांच्याजवळ आला. "चारुताबाईले इचारलं का?"

"थे तं नागपूरले राह्यते. तिले काय..."

"इचारलं का?"

विचारलं नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला हाक मारून माल दाखवणाऱ्या मोतीलालजींनी लेकीला कुरण दाखवलंच नव्हतं. लहानपणी ती मागे लागायची, तेव्हा 'कुसळं टोचतीन' म्हणून घरी ठेवायचे. मग ती मोठी झाली आणि मागे लागायची थांबली.

दुकानात येऊन त्यांनी प्रफुल्लला फोन लावला. "सही नाई होत, बाबू. माल खराब हाय असं म्हनता नाई येत आपल्याले. घेतला नाई, पन हात लावून पाह्यला, लय झालं." प्रफुल्ल बराच वेळ समजावत राहिला, शेवटी हसून म्हणाला, "काकाजी, तुम्ही पहिल्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं तर..." ते खरं होतं. तीस वर्षं हातची गेली होती, आणि मोतीलालजी पुन्हा उभ्यानंच ताग्यांच्या घड्या मोडू लागले.

दिवाळीला चारुता आली. मोतीलालजींनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा फराळाचं बोलले, एकदा बँकेतल्या बढतीचं, एकदा उगाच पावसाचं. पाडव्याला सकाळी ते बाहेर निघाले, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"बाबूजी, काय पाहिजे तुम्हाला?" चारुतानं विचारलं.

"कुरनावर येतं का?"

ती ओढणी कमरेला बांधून आली.

कुरणाच्या तोंडाशी नत्थूजी गाई घेऊन उभा होता. गाईंच्या शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. काटीपलीकडे गवत वाऱ्यानं हलत होतं, आणि रस्त्यापलीकडे ते सिमेंटचे खांब. मोतीलालजी काटीशी गेले, वाकले, आणि वाकलेलेच थांबले. लेकीकडे न पाहता त्यांनी सगळं एका दमात सांगितलं: करार कशासाठी हवा होता, खांब पाहून काय वाटतं, 'तुमची जमीन' म्हणालीस ते किती लागलं. शेवटी म्हणाले, "माह्या मागं ठेवशीन का हे? तीस वर्षं सांग. वीस तरी सांग."

चारुताला रडू आलं, आणि रागही. "हे तेव्हाच बोलायचं ना! मी वकिलासारखी पानं वाचत बसले." तिनं डोळे पुसले. मग तिनं गवताकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं. बँकेत बसून बसून तिला खोटं वचन न देण्याचीच सवय लागली होती. "तीस वर्षांचं नाही सांगता येत मला, बाबूजी. नोकरी आहे, घर आहे, उद्या कुठे असेन ठाऊक नाही. या वर्षीचं सांगते. पुढच्या पाडव्याला पुढचं सांगेन."

मोतीलालजींना दुकानातली पाटी आठवली. गॅरंटी मागू नये, असं गिऱ्हाइकांना सांगता सांगता त्यांचा जन्म गेला होता.

ते काटीपासून बाजूला झाले.

नत्थूजीनं एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि पुढं होऊ पाहणाऱ्या गाईला मानेवर हात ठेवून थांबवलं. चारुतानं वाकून दोन्ही हातांनी काटी धरली. पहिल्या झटक्याला ती हलली नाही, काटा बोटात गेला, तिनं बोट तोंडात घालून पुन्हा धरली आणि मागं मागं जात ओढून काढली. गाई आत शिरल्या. तिच्या सलवारीला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती.

मोतीलालजींचे पाय काही एका जागी ठरेनात. ते गाईंच्याही पुढं आत गेले, खालच्या अंगाला पोचले, गवताची एक मूठ धरली आणि तिथूनच लेकीला हाक मारली.

"आत ये वं," ते म्हणाले, "हात तं लावून पाह्य."